फळ्यावर लिहिलेले नाव

नागोराव खंडेराव कटके. जन्म १९५१, वाघोली. मृत्यू जानेवारी २०२५, तेथेच. मार्केट यार्डातील गुळाच्या गाळ्यांवर अडतीस वर्षे माल तोलण्याचे, तोलणाराचे काम.

कात्रजजवळील मुलींच्या ज्या वसतिगृहाचा मी चिटणीस आहे, त्याच्याशी त्यांचा संबंध पत्नीमुळे आला. सरुबाई लहानपणी तेथेच राहत होत्या. जेवणापूर्वी मुलींनी हात जोडून त्या दिवसाच्या दात्याचे नाव घ्यावे, असा त्या काळी शिरस्ता होता. तो सल सरुबाईंच्या मनातून कधीच गेला नाही. २००९ साली त्या वारल्या. पोरींना जेवण द्यायचे, नाव मात्र द्यायचे नाही, एवढे त्यांनी जाण्यापूर्वी नवऱ्याकडून कबूल करून घेतले होते. तेव्हापासून दर पितृपक्षात, सरुबाईंच्या तिथीला, नागोराव एक बंद पाकीट माझ्या टेबलावर आणून ठेवीत. मी ‘गुप्तदान’ अशी नोंद करी. चहा ते कधी घेत नसत.

२०२२ साली ही पद्धत मोडली. ती मी मोडली. देणगीदारांची नावे व ओळख क्रमांक यांचे वार्षिक विवरणपत्र आयकर खाते आता संस्थांकडून मागू लागले होते. सर्व संस्थांप्रमाणे आम्हालाही नव्याने नोंदणी करून घ्यावी लागली होती. कोठे खोट निघू नये, म्हणून ओळखपत्राशिवाय एक रुपयाही घ्यायचा नाही, असे मी ठरविले.

“नागोराव, आधार कार्डाची प्रत लागेल.”

“कशापायी, साहेब? मी काय सिम कार्ड घ्यायला आलोय व्हय?”

“सरकारचा नियम आहे.”

“देवळातल्या पेटीला न्हाई हो असला नियम.”

“मग देवळात टाका,” मी म्हणालो.

ते पाकिटाकडे पाहत राहिले. “नाव कागदावरच ऱ्हाईल नव्हं? पोरींपुढं नको.”

“कागदावरच,” मी शब्द दिला. दुसऱ्या दिवशी ते वाघोलीहून पुन्हा आले, प्रत घेऊन.

शब्द पाळला गेला नाही. भोजनगृहातील फळ्यावर वर्षाच्या देणगीदारांची नावे लिहिण्याची पद्धत मीच घालून दिलेली. अधीक्षिका कल्याणीबाईंनी यादी जशीच्या तशी उतरवून घेतली. एक नाव वगळायचे आहे, हे त्यांना सांगायचे माझ्याकडून राहून गेले.

पुढच्या पितृपक्षात नागोराव आले तेव्हा मुलींची पंगत बसली होती. कल्याणीबाई कौतुकाने म्हणाल्या, “मुलींनो, हे बघा आपल्या फळ्यावरचे नागोराव आजोबा!”

मुलींनी घास खाली ठेवले आणि हात जोडले.

“जेवा गं, जेवा,” नागोराव म्हणाले. “मी न्हाई तो.”

ते मागे वळले. पाकीट खिशातच होते. मी फाटकापर्यंत गेलो. “नागोराव, आत्ता पुसून टाकतो.”

“फळ्यावरचं पुसाल, साहेब,” एवढेच म्हणून ते रस्त्याला लागले. पुन्हा आले नाहीत.

त्या वर्षीच्या तपासणीत आमचे लेखापरीक्षक श्रीनिवास यांना मी हा प्रसंग सांगितला. ते म्हणाले, “अहो, ठरावीक मर्यादेपर्यंत निनावी देणगी घेता येते की! आपण त्या मर्यादेच्या जवळपासही नव्हतो. कायदा वाचला होतात ना?” अर्धाच वाचला होता. नागोरावांना क्षमेचे पत्र लिहिले, मसुदा तीनदा सुधारला, पण टपालात टाकले नाही. स्वतः वाघोलीला जाणे अधिक सोपे होते; तेही केले नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचे चिरंजीव पृथ्वीराज दोन पाकिटे घेऊन आले. एकावर पेन्सिलीने २०२३, दुसऱ्यावर २०२४ असे लिहिले होते. “अण्णांच्या कपाटात होती. नाव विचारलं तर परत आण, असं सांगून गेलेत.”

मी विचारले नाही. दोन्ही पाकिटे ‘गुप्तदान’ म्हणून जमा झाली. मर्यादेत निनावी देणगी स्वीकारण्याचा ठराव मार्चमध्ये संमत झाला आणि फळा भिंतीवरून उतरविला. २०२२ च्या विवरणपत्रातील नाव मात्र सरकारदप्तरी कायम आहे. पत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यावर पत्ता घातलेला आहे.