मागच्या सीटवरची सवारी

दिनकरराव मोघे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते झाशी छावणीच्या रस्त्यावर, भर दुपारी, एका उभ्या गाडीला कान लावून बसलेले. मी नोकरीसाठी भेटायला गेले होते. "दार लावून दाखवा," म्हणाले. लावलं. "अहो, हळू! आत कोणी झोपलं असेल तर?" आत कुणीही नव्हतं. मनात म्हटलं, हे गृहस्थ जरा सटकलेलेच दिसतात. पुढे अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. मत फारसं बदललं नाही, आदर मात्र वाढत गेला.

मोघेकाका टीव्हीसाठी गाड्यांच्या जाहिराती करत. "रिकामा रस्ता, चकचकीत गाडी, यात बघण्यासारखं काय आहे? गाडीत नको असलेलं माणूस बसवा, मग लोक जागचे हलणार नाहीत," असं ते सांगत. आणि लगेच बोट उगारून, "पण ज्याच्या घरी ते खरंच घडलंय, तोही बघत असतो." हे दुसरं वाक्य एकदा आम्ही सगळेच विसरलो, काकासुद्धा.

झाशीजवळ बरुआसागरच्या तळ्याकाठी आम्ही एक विनोदी जाहिरात केली. नवरा-बायको चाललेत, मागे अपघातात गेलेल्या बाईचं भूत येऊन बसतं, आणि गाडी इतकी आरामशीर की ते उतरायलाच तयार नाही. प्रत्येक शॉटची नोंद ठेवणं माझं काम. आरशातला शॉट घेतला तेव्हा भूत झालेली नटी मान आखडली म्हणून झाडाखाली बसली होती. मी वहीत लिहिलं: मागची सीट रिकामी. संकलनाला बसलो, तर आरशात डोक्यावर पदर घेतलेली एक बाई, मांडीवर कापडी पिशवी. "काय सहज बसलीय!" काका खूश. आमच्या नटीकडे पिशवी नव्हतीच. मी मात्र वहीतली नोंद कुणाला दाखवली नाही. नवी नोकरी, चूक माझ्याच माथी आली असती.

जाहिरात तुफान गाजली. मुलं मागच्या सीटवरून जाहिरातीतल्या भुतासारखं "और थोड़ा आगे!" ओरडायची. काहींनी तक्रारी केल्या, ही अपघातात गेलेल्यांची थट्टा आहे म्हणून. कंपनीला काय, चर्चा हवीच होती.

मग झाशीतल्या दतिया गेट भागातले म्हातारे रामस्वरूपजी ऑफिसात आले. तळ्याकाठच्या त्याच रस्त्यावर, कापडी पिशवी घेऊन बसची वाट बघत उभी असताना, त्यांची मुलगी गाडीखाली गेली होती. ते ओरडले नाहीत. "रोज शाम को मेरी बिटिया आपकी गाड़ी में बैठती है, भैया. घर कोई नहीं पहुँचाता."

 वही काकांपुढे ठेवून सगळं ओकले. गेली नोकरी, असंच वाटलं. काकांनी ते पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "इतके दिवस एकटीने कसं हो सोसलंत?" मला रडूच फुटलं.

त्यांनी त्याच दिवशी जाहिरात थांबवायला लावली. त्या कंपनीने त्यांना पुन्हा काम दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तीच गाडी मागून घेऊन ते तळ्याकाठी गेले, मागचं दार उघडलं, "चलो बिटिया," म्हणाले, जरा थांबले आणि दार लावलं. मी पुढे बसले होते. मागे बघायची छाती झाली नाही.  वाटेत खड्डा आला की काका फक्त "सँभलके" म्हणत, आणि ते मला नव्हे. दतिया गेटला रामस्वरूपजी दारात उभे होते. त्यांनी गाडीचं दार उघडलं आणि बाजूला होऊन वाट दिली. मागून गाडी हलकी झाली, मी शपथेवर सांगते! परत येऊन जाहिरात लावून पाहिली. आरशात नुसती सीट.

आता काका पंचाहत्तरीचे झाले. त्यांच्या या गौरवग्रंथासाठी चार शब्द मागायला गेल्या महिन्यात मी रामस्वरूपजींकडे गेले होते. "हमारे नहीं, बिटिया के लिखो," म्हणाले. मग आतल्या खोलीकडे कान देऊन बसले आणि एकेक शब्द सांगत गेले. आम्हा सर्वांच्या वतीने काकांना तेच कळवते:

"चाचाजी बड़े सँभाल के लाए. सौ बरस जिएँ, हाथ-पाँव सलामत रहें."