बर्फकाकांचे कागद

बर्फकाका स्वतःच्या थर्मामीटरवरही विश्वास ठेवत नसत. खिशात दोन बाळगत, आणि दोन्ही एकच आकडा दाखवू लागले की त्यांना जास्तच शंका येई.

पूर्णा गावच्या गोदामांमागे आमचा लाल रंग बनवायचा कारखाना. अमाईन आम्लात घालायचं, बर्फ टाकून पाच अंशांखाली ठेवायचं आणि वर नायट्राइट हळूहळू सोडायचं. तयार होतो तो डायझो. तो थंड असतानाच नॅफ्थॉलमध्ये सोडला की लाल रंग धरतो. तापला की सडतो. म्हणून बर्फ महत्त्वाचा, आणि बर्फ अकलोलीच्या या काकांकडे. प्रत्येक लादी ते ठोकून बघत.

"चाचा, घरवाली का भी टेम्परेचर लेते हो क्या?" हमाल चिडवत.

"घेतो ना. पाचाच्या वर गेली का मी भायेर."

मी केमिस्ट, तपासणी माझी. गाळणकागदावर रंगाचा थेंब टाकायचा, भोवती पसरलेल्या पाण्याच्या कडेला नॅफ्थॉल लावायचं. तिथे लाल रेघ उमटली तर डायझो शिल्लक आहे, काम अपुरं. नाही उमटली तर कागदावर माझी सही.

"बाई, जरा थांबा," काका म्हणत. "कागद आधी गप ऱ्हातो, मंग बोलतो."

मला तेवढा वेळ नसे.

सही झालेला प्रत्येक कागद ते घरी नेत. आमची कृती बाहेर विकतात, असा मला संशय. विचारलं तर म्हणाले, "कोन कवा उलटंल, भरोसा न्हाय."

मग एक लॉट परत आला. रंग मळकट. कारखान्याच्या शेठनी बर्फाला दोष दिला. मी कागदांचंही सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी काकांनी सगळे कागद शेठच्या टेबलावर ठेवले. परत आलेल्या लॉटचा सगळ्यात वर. त्यावर माझी सही, आणि थेंबाच्या कडेला बारीक लाल रेघ. मी सही करून पाठ फिरवल्यावर उमटलेली.

"हे काय?" शेठ म्हणाले.

"बाईंना इचारा. त्यांना वाचता येतं."

शेठनी माझ्याकडे पाहिलं.

"नुसते डाग आहेत," मी म्हणाले.

काकांच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं नाही. त्याच दिवशी त्यांना काढलं.

त्यांच्या जागी आलेला माणूस मी काहीही म्हटलं तरी "हो मॅडम" म्हणतो. मला त्याच्याबरोबर काम करायची भीती वाटते.