वरची कडी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही — तो गेला, तोपर्यंत नाही. तुम्हाला का सांगतेय, कोण जाणे. ऐका.

नव्वदच्या आसपास आम्ही गिरगावातली चाळ सोडून मीरा रोडला आलो. सोबत सासूबाई. चाळीत दार फक्त झोपताना लावायचं, तीच सवय त्यांनी इथे आणली. दिवसभर दार सताड उघडं, उंबऱ्याशी पाट टाकून त्या बसणार, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला घरातलं सगळं पुरवणार. सून कधी उठते, आमटीत पाणी किती घालते — समोरच्या उर्मिलाबेनना माझ्या माहेरची भांडणंसुद्धा पाठ! माझा नुसता तिळपापड व्हायचा. पण बोलणार कोणाकडे? नवरा म्हणजे श्रावणबाळ.

मग मागच्या बिल्डिंगमध्ये भरदुपारी चोरी झाली. जो तो दाराला जादा कड्या बसवून घ्यायला लागला. मीही सुतार बोलावला. खरं सांगू? चोरांची भीती होती — पण निमित्तापुरती. सुतार म्हणाला, "भाभी, इतना ऊपर? माताजी का हाथ नहीं पहुँचेगा." मी म्हटलं, "वहीं लगाओ."

पहिल्या दिवशी सासूबाईंनी टाचा उंचावून हात वर केला. पोचला नाही. आणि मला — लाज वाटते सांगायला — बरं वाटलं हो.

"अगं, दार उघड ना जरा, जीव गुदमरतो माझा," त्या म्हणायच्या. "चोरांचे दिवस आहेत, आई," हे माझं ठरलेलं उत्तर. नवरा कौतुकाने सगळ्यांना सांगायचा, आमची ही किती जपते बघा घराला.

एका दुपारी मी आतल्या खोलीत पडले होते. बेल वाजली. ढोकळा घेऊन आलेल्या उर्मिलाबेन बाहेरून ओरडल्या, "बा, ढोकळां लावी छुं!" सासूबाईंनी मला हाक मारली. पुन्हा मारली. मग स्टुलावर चढल्या, आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर त्या चालल्या नाहीत, अंथरुणातच गेल्या.

मी सगळ्यांना सांगितलं, माझा डोळा लागला होता, काही ऐकूच आलं नाही. लोकांनी उलट माझीच समजूत घातली. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, तिला नका बोलू, मलाच मेलीला धीर नव्हता. पुढे त्यांचं हगणंमुतणं मी काढलं. लेकीनेही केलं नसतं एवढं, असं लोक म्हणायचे.

डोळा लागला होता? कसला डोळा! मी टक्क जागी होते. दोन्ही हाका ऐकल्या. स्वयंपाकघरातून फरशीवर स्टूल ओढत नेल्याचा आवाज ऐकला — कशासाठी नेतायत, तेही कळलं. मनात म्हटलं, चढू दे. कळू दे एकदा, आपल्याच्याने होत नाही ते.

आणि मी भिंतीकडे तोंड करून कूस बदलली.