परसातल्या जाळीपाशी

केनवडच्या नव्या घरात ओटा स्वयंपाकघराच्या मधोमध आला. गोजराबाईंच्या आजवरच्या चुली, शेगड्या सगळ्या भिंतीला लागून होत्या. हा ओटा मात्र चारी बाजूंनी मोकळा. मुलगा हरीओम म्हणाला, "माय, आता चौफेर फिरून सयपाक कर."

हरीओमचं रिसोडला बी-बियाण्यांचं दुकान. घराचा नकाशा त्यानंच पक्का केला होता. पुढे वरचा मजला चढवायचा होता, त्यामुळे धुरासाठी स्लॅबला भोक पाडायला तो तयार नव्हता. आणि धूर बाहेर जायला तर हवाच होता, कारण त्याच्या बायकोला, वैभवीला, दमा होता. मिरचीची फोडणी पडली की ती पदर नाकाला लावून अंगण गाठायची. म्हणून त्यानं धूर खाली ओढणारी शेगडी मागवली.

ती बसवायला अकोल्याहून प्रज्वल नावाचा फिटर आला. त्यानं ओट्यावर मापाचा पुठ्ठा ठेवून ग्रॅनाइट कापलं, कडेला रबराची पट्टी चिकटवली आणि शेगडी अलगद त्या खाचेत उतरवली. चार बर्नरच्या मध्ये एक लांबट जाळी, तिच्या पोटात पंखा. तिथून पत्र्याचा पाइप फरशीखालून मागच्या भिंतीपर्यंत नेला आणि परसात, घोट्याच्या उंचीवर, त्याचं तोंड काढलं. उंदीर शिरू नये म्हणून तिथंही एक जाळी बसवली. पंखा लावून त्यानं ओट्यावर उदबत्ती धरली. धूर वर चढायला निघाला, थबकला, आणि मान वाकवून खाली गेला.

गोजराबाईंचे यजमान रामकिसन दारात उभं राहून बघत होते. म्हणाले, "धुराले उलटं चालाले शिकवलं लेकानं."

"पह्यले पंखा, मंग गॅस," प्रज्वल गोजराबाईंना सांगत होता. "भांडं बुटकं ठेवा, काकू. उंच गंज-पातेल्याची वाफ वरच्या वर पळते. अन् ही जाळी काढून गरम पाण्यात धुवत जा."

गोजराबाईंनी मान हलवली. जाळी कुठली हे त्यांनी बोटांनी चाचपून घेतलं.

त्यांना दिसत कमी होतं. किती कमी, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, डॉक्टरांनी थेंब दिले होते, घरी आल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, "थेंब देल्ले. ठीक हाये." गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टर म्हणाले होते, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या सासूचे डोळे असेच गेले होते. तेव्हा घरानं तिला माया म्हणून ओसरीत बसवलं, ताट हातात दिलं, आणि ती बसूनच राहिली. कुणी तिला काही विचारेनासं झालं. गोजराबाईंना त्या बसण्याची भीती होती.

तशी त्यांना स्वयंपाकाला डोळ्यांची फार गरज पडत नव्हती. धनजहून लग्न होऊन आल्या तेव्हा जुन्या घरात शेतावरच्या माणसांसकट मोठी पंगत बसायची. चुलीपाशी अंधार, धुरानं डोळे मिटलेले. तिथंच त्यांचं नाक तयार झालं. लसूण कच्चा कधी असतो, गोड कधी होतो आणि कडू व्हायला कधी निघतो, हे त्यांना वासावरून कळे. लग्नघरच्या बायका पातोडीच्या, बेसनाच्या वड्यांच्या, रश्श्याचा मसाला भाजताना त्यांना बोलावून नेत. त्या कढईपासून हातभर दूर बसत आणि म्हणत, "उतरवा आता." बायका उतरवत.

नव्या शेगडीनं नेमकं तेच नेलं. पंखा लागला की कढईतून उठलेला वास त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत जाळीत जायचा. मोहरी तडतडली तरी पंख्याच्या घरघरीत ऐकू यायची नाही. त्या वाकून बघत, तर डोळ्यांपुढे कढईच्या जागी एक काळा गोल. पहिल्याच आठवड्यात लसूण जळला. मग खोबरं. मग कांदा असा उतरला की रामकिसन ताटावरून म्हणाले, "अवं, आज कोळशाची भाजी हाये काय?"

"नवी हाये शेगडी. आच समजत नाई अजून," गोजराबाई म्हणाल्या.

एकदा वैभवी वर गच्चीवर कपडे वाळत घालत होती, तेव्हा त्यांनी पंखा बंद केला. लसणाचा वास भरभरून वर आला. त्यांना वाटलं, कुणी हरवलेलं माणूस दारात आलं. पण तेवढ्यात वैभवी जिन्यातून खाली उतरली आणि तिचा खोकला थांबेना. दम्याचा फवारा तोंडाशी धरून ती बसली होती, छाती भात्यासारखी हलत होती. त्यानंतर गोजराबाईंनी पंख्याला हात लावला नाही.

हरीओम म्हणू लागला, "माय, तू आता आराम कर. वैभवी करन सारं." प्रेमानंच म्हणत होता. म्हणूनच गोजराबाईंना सासूची ओसरी आठवली.

त्यांनी एक वाट शोधली. वास जात होता, तर कुठंतरी निघतही होता. कढईत कांदा टाकायचा, मागच्या दारानं परसात जायचं, वाकून जाळीशी नाक न्यायचं, आणि लगबगीनं परत. कधी साधायचं, कधी तेवढ्यात करपायचं. एका सकाळी त्या तशाच जाळीपाशी वाकलेल्या असताना मागून वैभवीचा आवाज आला.

"आई, काय शोधून राह्यल्या तिथं?"

"मांजर गेली वाटते पाइपात."

"जाळीतून?"

आतून करपल्याचा वास जाळीतून आला, तसं वैभवीनं धावत जाऊन गॅस बंद केला. परत येऊन ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"माह्या तोंडाकडे पाहा बरं. काय दिसते?"

"साडी दिसते. हिरवी." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "तोंड नाई दिसत."

"कवापासून?"

"झाले असतीन दिवस."

वैभवी भिंतीला टेकून बसली. "आगीपाशी असं काम करून राह्यल्या, अन् सांगतलं नाई. पदर पेटला असता म्हंजे?"

"सांगतलं असतं तर बसवलं असतं तुमी मले."

वैभवी त्यावर नाही म्हणाली नाही. रात्री तिनं हरीओमला सांगितलं. लपवण्यासारखी ती गोष्ट नव्हती. तो चिडला आणि आईला पुन्हा डॉक्टरांकडे घेऊन गेला. थेंब बदलले. गोजराबाईंनी एकटीनं गॅस पेटवायचा नाही, असं घरात ठरलं. झारा वैभवीच्या हातात गेला. गोजराबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी पातोडीचा रस्सा करायचा होता. वैभवीनं स्टूल उचललं, परसात जाळीपाशी ठेवलं आणि सासूला हाताला धरून नेलं. "बसा इथं. मी खिडकी उघडी ठेवतो."

"अन् करू काय?"

"मसाला भाजाचा हाये. मले काई त्याचं समजत नाई."

गोजराबाई रुसलेल्या चेहऱ्यानंच बसल्या. आत पंखा लागला. थोड्या वेळानं घोट्यापाशी ऊन वारा आला, आणि त्यात आधी नुसतं तेल, मग खसखस. पाइपातून यायला वासाला उशीर लागतो, हे त्यांना एव्हाना ठाऊक होतं. म्हणजे थोडं आधीच सांगायला हवं.

"खसखस काढ," त्या खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या. आतलं चमच्याचं खरडणं ऐकू आलं. खोबरं आलं, तेही त्यांनी वेळेत उतरवायला लावलं. मग कांदा.

"उतरवू काय, आई? लाल दिसून राह्यला."

"मले काय इचारतं? वास नाई येत काय तुले?"

"इथं कुठं येते? सारा तुमच्याकडेच येऊन राह्यला."

गोजराबाईंनी स्टूल जाळीच्या आणखी जवळ ओढलं.

"मंग थांब," त्या म्हणाल्या. "कच्चा हाये अजून."