तीन मिनिटांचा नियम

मला नियम करायची खोड लहानपणापासूनची. चपला कुठे काढायच्या, वर्तमानपत्राचं कुठलं पान आधी कोणी वाचायचं, याचेही मी नियम केलेले आहेत आणि घरात ते कोणीही पाळलेले नाहीत. बहरीनमध्ये मात्र माझा एक नियम सगळ्यांनी अगदी निमूटपणे पाळला. तो कोणीतरी मोडायला हवा होता, आणि तो मोडण्याचा अधिकार फक्त मला होता.

नव्वदच्या दशकात मी तिथल्या मीना सलमान बंदरात जहाजदुरुस्तीच्या एका वर्कशॉपमध्ये ड्राफ्ट्समन होतो. शुक्रवारी सकाळी आम्ही पंचवीस-तीस जण अरादच्या किल्ल्यापलीकडच्या मोकळ्या जागेवर क्रिकेट खेळायला जमायचो. जमीन खारट आणि टणक, पीचच्या जागी काथ्याची चटई, टेनिसच्या चेंडूवर टेप गुंडाळलेली, आणि बाउंड्री म्हणजे वर्कशॉपमधून आणलेली रिकामी पिंपं. विमानं डोक्यावरून इतकी खाली यायची की तेवढा वेळ बोलर थांबून राहायचा. निम्मे लोक आमच्यासारखे पुण्या-मुंबईचे, निम्मे रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान. ऊन कडक व्हायच्या आधी, हंगामाच्या शेवटच्या शुक्रवारी, षटकारांची स्पर्धा व्हायची. ती सलग सहा वर्षं चाचांनी जिंकली होती.

चाचा आमच्याच वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचे फोरमन. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातले. पन्नाशीला टेकलेले, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, तरी मला 'सायब' म्हणायचे. दिसायला हडकुळे, पण चेंडू लागला की पिंपांच्या पलीकडे रस्त्यावर. त्यांचं सगळं कसब सोडण्यात होतं. जुन्या पद्धतीत प्रत्येकाला सहा फटके मिळायचे आणि न आवडलेला चेंडू कितीही वेळा सोडता यायचा. चाचा चार सोडायचे, पाच सोडायचे, आम्ही ओरडायला लागलो की म्हणायचे, "पिकला नाय अजून." मग एखादा त्यांच्या मनासारखा पडायचा आणि तो गेलाच.

या सोडासोडीमुळे स्पर्धा रेंगाळायची. बरोबरी झाली की पुन्हा सहा-सहा. मी नियम केला त्याच्या आदल्या वर्षी तर जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली तरी निकाल लागेना. चाचा आणि त्यांच्याकडचे लोक भराभर पॅड सोडून मशिदीकडे निघाले, दोनजण दुपारी परत आले, बाकीचे आलेच नाहीत. जिंकले शेवटी चाचाच, पण कोणाला किती संधी मिळाल्या यावरून जे भांडण जुंपलं ते दोन आठवडे कँटीनमध्ये चालू होतं. मी तेव्हाच ठरवलं, की याला काहीतरी शिस्त लावायची.

त्याच सुमाराला आमच्या कामावर येणाऱ्या एका अमेरिकन इन्स्पेक्टरने मला एक व्हिडिओ कॅसेट दिली. बेसबॉलची. त्यात त्यांच्या नामांकित खेळाडूंची चेंडू मैदानाबाहेर मारायची स्पर्धा होती. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण रोग लगेच ओळखू आला. हळू टाकलेले चेंडू येतायत, हा गडी बॅट खांद्यावर ठेवून बघतोय, आवडला नाही तर सोडतोय, आणि सोडलेला कुठेच धरला जात नाही. दहादा मारून चेंडू आतच राहिला की मगच त्याची पाळी संपायची. मला राहवेना. मी ड्रॉइंगबोर्डावर कागद लावला आणि अमेरिकेची स्पर्धा दुरुस्त करायला बसलो. एकेकट्याने मारायचं नाही, दोघांची जोडी. हरेल तो बाहेर. आणि सोडायचे तेवढे चेंडू सोडा, पण घड्याळ चालू राहील. प्रत्येकाला तीन मिनिटं. अमेरिकेने मला विचारलं नव्हतं, म्हणून मी ती योजना आमच्या मैदानावर आणली. बारा कलमं इंग्रजीत टाइप केली. शिवाय कप आणला, आणि फायनलचं चित्रण करायला बाब अल बहरीनजवळच्या एका फोटोवाल्याचा कॅमेरा ठरवला. तोवर जिंकणाऱ्याला सगळ्यांनी मिळून बिर्याणी घालायची एवढंच होतं. सहा वर्षांचा कुठे एक फोटोही नव्हता.

कॅमेऱ्याचं कळलं तसे चाचा माझ्या टेबलाशी आले. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढणार नव्हतं, महिन्याभरात ते कायमचे गावी जाणार होते, हे मला ठाऊक होतं. त्यांना एकच मुलगी, तेव्हा बारा वर्षांची. दोन वर्षांतून दोन महिने तिला बाप दिसायचा, तोही घराच्या दुरुस्तीत आणि नातेवाइकांच्या लग्नांत अडकलेला.

"पोरीला पत्रात लिवतो, मी पयला आलो," ते म्हणाले. "ती लिवते, अब्बा, पयला म्हंजे कशात? तिला काय म्हाईत. घरी व्हीसीआर हाय. आता एकदा बघू दे, बाप इथं काय करायचा ता. नंतर थोडाच खेळणार हाय मी."

"चाचा, फायनलला पोचलात की झालं. बॅटरी कमी चालते, म्हणून फक्त फायनलच घेणार."

"पोचतो, इंशाल्ला. पण ता घड्याळाचा नीट सांगा. मला इंग्लिश वाचता येत नाय."

स्पर्धेच्या शुक्रवारी पिकअपमधून अरादला जाताना मी त्यांना नियम समजावले. तेव्हा मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण त्यानंतर मी ते हजार वेळा आठवलं आहे. म्हणालो, "सोपं आहे चाचा. तीन मिनिटं मारत राहायचं. खलास म्हटलं की थांबायचं."

कागदावर मी 'टाइम' लिहिलं होतं. पंच 'टाइम' पुकारेल, असं कलमात होतं. पण बोलताना तोंडात आलं ते खलास. आमच्या सगळ्यांच्याच तोंडात तो शब्द दिवसभर असायचा. चहा संपला, खलास. वेल्डिंगचा रॉड संपला, खलास. रजा संपली, तरी खलासच.

फायनलमध्ये चाचा पोचले. आधीच्या फेऱ्यांत त्यांनी वेळेच्या आतच समोरच्याला मागे टाकलं होतं, त्यामुळे त्यांच्या पाळीत 'टाइम' पुकारायची वेळच आली नव्हती. समोर मुंबईचा एक तरुण बँकवाला. त्याने आधी फलंदाजी केली आणि नऊ षटकार मारले. मग चाचा उभे राहिले. फोटोवाल्याचा कॅमेरा तिकाटण्यावर त्यांच्या समोर. घड्याळ माझ्या हातात, पंचही मीच.

पहिलं मिनिट वाया गेलं. तीस वर्षांची सवय एका टाइप केलेल्या कागदाने सुटत नाही. ते चेंडू सोडत राहिले. लोक ओरडायला लागले, "चाचा, मारा, यल्ला!" काही हसले. मीही हसलो. मग त्यांना सूर सापडला. दुसऱ्या मिनिटात ओळीने सहा गेले, आणि आधीचा एक धरून सात झाले. शेवटचे दोन तर मी उभा होतो तिथून दिसेनासे झाले. मैदान गप्प झालं होतं. सगळ्यांना कळलं होतं, की हा माणूस आता थांबत नाही.

चेंडू एका बादलीत असायचे. बादलीशी आमचा रायगडचा एक क्लार्क होता, तो बोलरला चेंडू पुरवत होता. बादली रिकामी झाली. पिंपांपलीकडच्या लोकांनी चेंडू लवकर आणून टाकावेत म्हणून तो हात वर करून ओरडला, "खलास!"

चाचा थांबले. बॅट काखेत घेतली, स्टंपांमागच्या माणसाशी हात मिळवला आणि पॅडचा पट्टा सोडत चालू लागले.

मी घड्याळ बघितलं. पन्नास सेकंद बाकी होते. लोक हात हलवून ओरडत होते, परत जा, परत जा. चाचा प्रत्येकाकडे बघून हात वर करत होते. त्यांना वाटलं, लोक कौतुक करतायत. कोणीतरी धावत जाऊन त्यांना धरलं, ते वळले, एक पॅड लोंबत होतं. तेवढ्यात वेळ संपली आणि मी 'टाइम' म्हणालो.

बँकवाला पोरगा भला होता. तो माझ्यापाशी आला. म्हणाला, "सर, त्यांना उरलेले पन्नास सेकंद खेळू द्या. चुकून झालं. माझं काही म्हणणं नाही."

मी फक्त 'बरं' म्हणायची खोटी होती. मी म्हणालो नाही. मी खिशातून कागद काढला आणि नववं कलम वाचून दाखवलं, की कोणत्याही कारणासाठी घड्याळ थांबणार नाही आणि पाळी पुन्हा दिली जाणार नाही. आदल्या वर्षीच्या भांडणाचं कारण पुढे केलं. खरं कारण ते नव्हतं. पद्धत माझी होती, पहिल्याच वर्षी तिला ठिगळ लागलेलं मला नको होतं. आणि दुसरं असं, की पुन्हा खेळवायचं तर चाचा का थांबले हे सांगावं लागलं असतं, आणि तो शब्द त्यांना मी दिला होता. ते कोणालाच माहीत नव्हतं. चाचांना होतं.

ते मला बाजूला घेतील, नाहीतर सगळ्यांसमोर बोलतील, असं वाटून मी कागदाची पुन्हा घडी घालू लागलो. चाचा म्हणाले, "सायब बोलतात ता बरोबर हाय. रूल म्हंजे रूल." त्यांनी कप त्या पोराच्या हातात स्वतः दिला. वेळेच्या आधी सगळं आटोपलं होतं. नमाजाला कोणालाही धावपळ करावी लागली नाही. लोकांनी माझी पाठ थोपटली.

त्यानंतर चाचा मैदानावर आले नाहीत. कामावर भेटायचे, नेहमीसारखे बोलायचे. एकदा मी म्हणालो, "चाचा, त्या दिवशी..." त्यांनी वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढली आणि म्हणाले, "सायब, बाजूला व्हा, ठिणग्या उडतील." फोटोवाल्याकडून कॅसेट मात्र त्यांनी मागून घेतली. एकच होती. महिन्याने ते गेले. मी एअरपोर्टवर जायला हवं होतं. शिफ्ट होती असं मी सगळ्यांना सांगितलं.

बऱ्याच वर्षांनी, मी पुण्याला परत आल्यावर, एका कामानिमित्त रत्नागिरीला गेलो आणि धीर करून त्यांच्या गावी पोचलो. चाचा आदल्या वर्षीच वारले होते. मुलगी भेटली. शाळेत शिकवत होती. तिने चहा केला. मी बहरीनचा, अब्बांबरोबर खेळलेला, म्हटल्यावर तिने नीट बघितलं.

"मग तुम्ही असाल त्या कॅसेटमध्ये," ती म्हणाली. "मी पाहिली ती, खूप वेळा. कॅमेरा एका जागी आहे, बॉल कुठे जातो ते दिसतच नाही. अब्बा नुसते उभे राहतात, लोक हसतात. मग ते जरा वेळ बॅट फिरवतात आणि मध्येच चालायला लागतात. मी विचारलं, मध्येच का गेलात? म्हणाले, थकलो."

मी बोलायला लागलो. सगळं सांगितलं. बादली, तो शब्द, पिकअपमध्ये मी काय म्हणालो, नववं कलम, पन्नास सेकंद. सहा वर्षं त्यांच्या जवळपास कोणी नव्हतं, तेही सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी ते कोणाला सांगत होतो.

मी थांबल्यावर तिने माझ्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली.

"तुम्ही एवढ्या लांबून आलात, त्यांच्याबद्दल एवढं चांगलं बोलताय," ती म्हणाली. "अब्बांना बरं वाटलं असतं. पण मला खरं सांगितलंत तरी चालेल, काका. ते खरंच खेळायचे, की तुम्ही सगळे त्यांना नुसतं बरोबर न्यायचात?"

"खेळायचे," मी म्हणालो. "खरंच खेळायचे."

ती हसली. घरी आलेल्या वयस्कर पाहुण्याचं मन राखायला माणसं हसतात, तशी.