काट्यावरची माती

आमचे बाबा मलकापुरात एका कापसाच्या जिनिंगमध्ये मापारी होते, माल तोलायचे. थोरल्या भावाचा डावा पाय बैलबंडीवरून पडून मोडला होता. हाड जुळलं, पण धावताना त्या पायावर भार टाकायची त्याची छाती होईना. त्याची पोलीस भरती तोंडावर आलेली. बाबा म्हणाले, "पाय खोटं बोलीन, काटा नाई बोलत."

हंगाम सरला होता, गोदाम रिकामं. कापसाच्या गठाणी तोलायचा मोठा काटा जमिनीतच बसवलेला, धावताना दोन पावलं पडतील एवढी लांब त्याची फळी. बाबांनी तिच्यावर गोणपाट अंथरलं, वर मुरूम पसरला, भरतीच्या मैदानावर असतो तसा. त्या मातीचा धडा केला, म्हणजे तिचं वजन धरायचं नाही. मग दांडीवरचं वजन असं सरकवलं, की पाऊल पुरतं दणकलं तरच दांडी वाजावी.

दांडीपाशी मी बसायची. भाऊ धावत यायचा. उजवा पाय, टक. डावा, काहीच नाही. डोळे मिटले की वाटायचं, एका पायाचं कोणीतरी पळतंय. माय वं, अंगावर काटा यायचा!

एका दुपारी डावाही वाजला. मी टाळ्या पिटल्या, बाबांचे डोळे भरून आले. भाऊ हसत माझ्याजवळ येऊन टेकला, घाम पुसू लागला.

टक.

फळीवर कोणी नव्हतं. थोड्या वेळानं पुन्हा, टक. भावाचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, कोन पयून राह्यलं तिथं?"

बाबांनी वाकून बघितलं. धडा ते रोज करत, पण आपणच टाकलेला मुरूम फळीच्या फटीत उतरतोय हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. उजव्या पायानं दबलेली फळी फटीत अडकायची, मग थांबत थांबत सुटायची आणि दांडी वाजायची. डावा पाय मुकाच होता. मला रडू फुटलं.

बाबांनी केरसुणी घेतली. भावानं त्यांचा हात धरला. "राहू द्या ना बाबा. वाजू द्या."

आयुष्यभर काट्यावर कापसाचं बोंडूकही राहू न देणाऱ्या बाबांनी केरसुणी खाली ठेवली.

भाऊ परत धावला. टक, टक, दोन्ही पाय. भिंतीपाशी जाऊन तो खाली बसला, मोडका पाय दोन्ही हातांनी धरून. काटा मागं वाजतच होता.

"मी नाई जात भरतीले," तो म्हणाला. "तिथं जो पयून राह्यला, त्यालेच पाठवा."