वटारच्या म्हशीचा डोळा

नोकरीत खुनांचेही तपास केले, पण वटारच्या एका म्हशीची केस आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मी वसईत उपनिरीक्षक होतो. एका सकाळी जवळच्या वटार गावातल्या एका शिक्षकांचा फोन आला. "साहेब, इथल्या एका विधवा बाईच्या म्हशीवर कोणीतरी ॲसिड टाकलंय. बाई पोलिसांत यायला घाबरते."

ठाणे अंमलदार म्हणाले, "साहेब, जनावराच्या छळाला पन्नास रुपये दंड. एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद घेऊन मोकळे होऊ."

मी वटारला गेलो. म्हैस गोठ्यात थरथरत उभी होती. डावा डोळा कायमचा गेला, असा दाखला पशुवैद्यकांनी दिला. ती ख्रिस्ती बाई म्हणाली, "दुधाचं जाऊ दे साहेब. माझ्या हाकेला ओ देते ती. तिनं कोनाचं काय वाकडं केलं?"

जनावर ठार किंवा निकामी करणाऱ्याला दंड संहितेच्या कलम ४२९ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होती. मी तेच कलम लावलं.

संशय शेजारच्या केळीबागायतदारावर होता. म्हैस बागेत शिरली म्हणून त्यानं चारचौघांत धमकी दिली होती. ठाण्यात आणला तर पाय पसरून बसला. "जनावरच ना ते? दंड सांगा, भरतो." त्याच्यासाठी पुढाऱ्यांचेही फोन आले. मी ऐकून घेतले आणि रिसीव्हर खाली ठेवला.

आरडाओरड्यानं चौकशी पुढे सरकत नाही. त्याला बसवून ठेवला आणि पंचांना घेऊन त्याच्या घरी गेलो. दोरीवर त्याची सुती पँट वाळत होती, गुडघ्याखाली पार चाळणी झालेली. बॅटरीचं ॲसिड सुती कापडावर उडालं तर लगेच कळत नाही. कापड धुतलं की भोकं पडतात. पडवीत ॲसिडचा कॅनही सापडला. पंचनामा करून दोन्ही वस्तू जप्त केल्या आणि तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवायचं ठरवलं.

पँट टेबलावर ठेवताच त्यानं पाय आखडले. "रागाच्या भरात झालं, साहेब. घाबरवायचं होतं फक्त."

"कोणाला? म्हशीला?"

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, पण पँटची भोकं कॅनमधल्याच ॲसिडची आहेत, हा प्रयोगशाळेचा अहवाल चालला. वसई कोर्टानं सहा महिने सक्तमजुरी सुनावली.

बाहेर आल्यावर बाईनं विचारलं, "म्हंजे जज्जसाहेबांनी माझ्या म्हशीचं ऐकलं?"

"ऐकलं, मावशी."

तिनं क्रूसाची खूण केली आणि पदरानं डोळे पुसले.

कलमं पुस्तकात असतातच. ती कोणासाठी उघडायची, हे ठाण्यात बसलेला माणूस ठरवतो. त्या सकाळी मी ते पान उघडलं, याचा मला माझ्या सगळ्या बक्षिसांहून जास्त अभिमान आहे.